पेरी वॉलेसची चार वर्षं आणि त्यानंतरची सत्तेचाळीस

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहरात, व्हँडरबिल्ट विद्यापीठाचं मेमोरियल जिम्नॅशियम आहे. दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधलं आणि १९५२ साली खुलं झालं. बास्केटबॉलच्या जाणकारालाही तिथे पहिल्यांदा गेल्यावर काहीतरी उलटं दिसल्यासारखं वाटतं. खेळायचं मैदान रंगमंचासारखं उंचावलेलं आहे. संघांची बाकं नेहमीसारखी बाजूच्या रेषेला नसून दोन टोकांना, बास्केटच्या मागे आहेत. खेळ समोरच्या टोकाला गेला की प्रशिक्षकाचा आवाज तिथवर पोचत नाही. प्रेक्षक मात्र चहूबाजूंनी पाहत असतात.

१९ मार्च १९६६ च्या रात्री या मैदानावर टेनेसी राज्याच्या शालेय स्पर्धेचा अंतिम सामना होता. तोवर काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, त्यांच्या स्पर्धाही वेगळ्या. काळ्या आणि गोऱ्या शाळा एकाच स्पर्धेत उतरण्याचं हे पहिलंच वर्ष होतं, आणि नॅशव्हिलच्या पर्ल हायस्कूलने ते पूर्ण जिंकलं. हंगामातले ३१ सामने, एकही हार नाही. ज्यांना पर्ल ठाऊक होती त्यांना यात नवल वाटलं नसेल. १९५८ ते १९६० अशी सलग तीन वर्षं काळ्या शाळांची राष्ट्रीय स्पर्धा याच शाळेने जिंकली होती. फक्त ते गोऱ्या वर्तमानपत्रांच्या नजरेला पडलं नव्हतं.

त्याच रात्री, शेकडो मैलांवर मेरिलँडमध्ये, टेक्सास वेस्टर्न या कॉलेजने पाच काळे खेळाडू घेऊन सुरुवात केली आणि केंटकीच्या संपूर्ण गोऱ्या संघाला ७२-६५ असं हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. अमेरिकी क्रीडाइतिहासात ती रात्र या सामन्यासाठी अजरामर झाली, त्यावर चित्रपटही निघाला. माझ्या मते त्या रात्रीची अधिक अवघड गोष्ट नॅशव्हिलमध्ये सुरू झाली. टेक्सास वेस्टर्नचे खेळाडू एकमेकांच्या सोबतीने खेळले. पर्लच्या संघातला सहा फूट पाच इंचाचा एक मुलगा पुढची चार वर्षं अलाबामा आणि मिसिसिपीच्या मैदानांवर जाणार होता, आणि बहुतेक वेळा एकटा.

पेरी वॉलेसचा जन्म १९ फेब्रुवारी १९४८ चा. सहा भावंडांतलं हे शेंडेफळ. वडील बांधकामावर राबत, आई गावातल्या कार्यालयांची साफसफाई करी. मुलगा ट्रंपेट वाजवायचा, गणितात रमायचा आणि वर्गात पहिला यायचा. १९६० साली नॅशव्हिलच्या काळ्या विद्यार्थ्यांनी दुकानांमधल्या फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खानपानाच्या काउंटरांवर बसून सत्याग्रह केला, तेव्हा पेरी जेमतेम बारा वर्षांचा होता. त्या सत्याग्रहींना अहिंसेचे धडे देणारे जेम्स लॉसन हे गांधींचा मार्ग समजून घेण्यासाठी नागपूरला राहून गेलेले. ते तेव्हा व्हँडरबिल्टमध्ये धर्मशास्त्र शिकत होते. विद्यापीठाने त्या आंदोलनापायी त्यांना काढून टाकलं. लॉसनना दार दाखवणारं हेच विद्यापीठ सहा वर्षांनी पेरीला शिष्यवृत्ती घेऊन बोलवायला आलं.

बोलवायला आलेला माणूस होता प्रशिक्षक रॉय स्किनर. त्यांची एक गोष्ट वॉलेस कुटुंबाने लक्षात ठेवली. दक्षिणेत काळ्या माणसाला, मग तो साठीचा का असेना, गोरा माणूस नुसत्या नावाने हाक मारी, नाहीतर ‘बॉय’ म्हणे. स्किनर घरात आले आणि पेरीच्या आईवडिलांशी ‘मिस्टर वॉलेस’, ‘मिसेस वॉलेस’ असं म्हणून बोलले. मुलाला उत्तरेकडे, या सगळ्यापासून लांब जायचं होतं. वर्णभेदाची भिंत पाडणारा पहिला वीर होण्याची त्याला हौस नव्हती. त्याला चांगलं अभियांत्रिकी शिक्षण हवं होतं. ते व्हँडरबिल्टमध्ये होतं, घर जवळ होतं, आणि समोरचा माणूस आईवडिलांशी अदबीने बोलला होता. मे १९६६ मध्ये त्याने होकार दिला.

व्हँडरबिल्ट ज्या गटात खेळे त्याचं नाव साऊथईस्टर्न कॉन्फरन्स. दक्षिणेतली दहा विद्यापीठं त्यात होती आणि त्यांच्या मुख्य बास्केटबॉल संघात काळा खेळाडू कधी खेळलेला नव्हता. मिसिसिपी स्टेटच्या संघाला तर १९५९ पासून गट जिंकूनही राष्ट्रीय स्पर्धेला घरी बसवलं जाई, कारण तिथे समोर काळा खेळाडू येण्याची शक्यता असे. १९६३ मध्ये त्या संघाला जायचं होतं तेव्हा राज्याबाहेर लपतछपत निघावं लागलं.

त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे, त्यांचा वेगळा संघ असे. या संघात पेरीबरोबर डेट्रॉइटहून आलेला गॉडफ्री डिलार्ड होता. दोघांचे स्वभाव दोन टोकांचे. डिलार्ड बोलका, प्रश्न विचारणारा, उत्तरेत वाढलेला. पेरी शांत, तोलून बोलणारा, दक्षिणेचे अलिखित नियम अंगवळणी पडलेला. १९६७ च्या सुरुवातीला हा संघ मिसिसिपीतल्या स्टार्कव्हिलला गेला. गायीच्या गळ्यातल्या घंटा वाजवून पाहुण्यांना हैराण करायची तिथे जुनी रीत आहे. त्या दिवशी घंटांच्या जोडीला शिव्या होत्या, थुंकणं होतं, मारून टाकण्याच्या धमक्या होत्या. मध्यंतरात कपडे बदलायच्या खोलीत ही दोन अठरा-एकोणीस वर्षांची मुलं एकमेकांचे हात धरून बसली. हात थंडगार पडले होते. तशीच उठून ती पुन्हा खेळायला गेली.

त्याच हंगामात ऑक्सफर्डच्या मिसिसिपी विद्यापीठाविरुद्धचा पहिल्या वर्षाच्या संघाचा सामना रद्दच झाला. १९६२ साली जेम्स मेरेडिथ या एका काळ्या विद्यार्थ्याने प्रवेश घेतला म्हणून जिथे दंगल उसळून दोन माणसं मेली, तेच हे गाव.

मैदानावरचा द्वेष निदान उघड होता. नॅशव्हिलमध्ये, स्वतःच्या गावात जे घडलं ते वाचताना मला जास्त त्रास होतो. पेरी घरच्या संस्कारांनी श्रद्धाळू होता. विद्यापीठाच्या आवाराजवळच्या चर्चमध्ये तो रविवारी जाऊ लागला. काही आठवड्यांनी तिथल्या ज्येष्ठांनी त्याला बाजूला घेऊन सौम्य शब्दांत समजावलं, की तू येऊ नयेस, काही सभासदांना ते रुचत नाही. आवाज चढला नाही, कुणी दार आपटलं नाही. देवाच्या घरातून त्याला इतक्या सभ्यपणे बाहेर काढलं गेलं, की तक्रार करायलाही जागा उरली नाही. वर्गातही हाच अनुभव. अभ्यासात मदत मागणारी मुलं बाहेर, चारचौघांत भेटली की ओळख दाखवत नसत. मैदानावर पाठीवर थाप मारणारे जेवायला बोलवत नसत. विद्यापीठाने पहिल्या पदवीच्या अभ्यासक्रमांना काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्यायला सुरुवात केली होती १९६४ मध्ये, त्यामुळे आपलं म्हणावं असे चेहरे अगदी मोजके. पर्लमधला मित्र वॉल्टर मरे बरोबर होता, हा मोठा आधार.

१९६७ च्या वसंतात राष्ट्रीय क्रीडासंघटनेने एक नियम केला आणि पेरीच्या खेळाचा कणाच काढून घेतला. उडी मारून बास्केटच्या कडीवरून चेंडू आत दाबण्याला, म्हणजे डंकला, कॉलेजच्या खेळात बंदी आली. यूसीएलए विद्यापीठाचा उंचपुरा लू अल्सिंडॉर, पुढचा करीम अब्दुल-जब्बार, कुणाला आवरत नव्हता, हे त्यामागचं कारण मानलं जातं. पेरीला लांबून नेम धरणं तितकंसं जमत नसे. त्याची ताकद उडीत होती. उत्तर नॅशव्हिलच्या मैदानांवर त्याने लहानपणापासून हेच कमावलं होतं, आणि ज्या शहरात त्याला बाकी सगळीकडे वाकून वागावं लागे तिथे तो एक क्षण त्याचा स्वतःचा होता. बंदी आल्यावर त्याने चडफड केली नाही. नेमबाजी मुळापासून शिकायला घेतली.

डिसेंबर १९६७ मध्ये तो व्हँडरबिल्टच्या मुख्य संघातून खेळला आणि साऊथईस्टर्न कॉन्फरन्सच्या बास्केटबॉलमधली रंगाची रेघ पुसली गेली. शेजारी डिलार्ड असायला हवा होता. पण त्याचा गुडघा दुखावला होता, त्याचा तो हंगाम गेला, आणि पुढे त्याला दुय्यम संघात टाकलं गेलं तेव्हा तो ईस्टर्न मिशिगनला निघून गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात केंटकीच्या फुटबॉल संघातून नॅट नॉर्थिंग्टन हा या गटातला पहिला काळा फुटबॉलपटू म्हणून उतरला होता. त्याचा खोलीसोबती आणि दुसरा काळा खेळाडू ग्रेग पेज सरावात मानेला झालेल्या दुखापतीने आदल्याच रात्री वारला होता. काही आठवड्यांत नॉर्थिंग्टननेही ते विद्यापीठ सोडलं. म्हणजे १९६७ चं साल सरताना दक्षिणेच्या या प्रयोगात दोघादोघांच्या दोन जोड्या उतरल्या होत्या आणि चौघांपैकी टिकून खेळत राहिलेला एकटा वॉलेस होता.

फेब्रुवारी १९६८ मध्ये तो ऑक्सफर्डला खेळला. पहिल्या सत्रात उसळलेला चेंडू घ्यायला उडी मारली असताना चेहऱ्यावर, डोळ्याजवळ फटका बसला. रक्त आलं. पंचांनी फाऊल दिला नाही, आणि प्रेक्षकांतून आनंदाचा गलका उठला. मध्यंतरात त्याच्यावर उपचार चालू असताना बाकीचा संघ सरावासाठी मैदानावर निघून गेला. कुणी मुद्दाम केलं असंही नाही, कुणाच्या लक्षातच आलं नाही. पेरी दाराशी पोचला तेव्हा समोर मैदान होतं, मध्ये ती गर्दी होती, आणि ‘चल’ म्हणून बरोबर यायला प्रशिक्षक नव्हते, सोबती नव्हते. तिथून बाकापर्यंतचं अंतर तो एकटा चालून गेला. पुढच्या आयुष्यात तो या काळाबद्दल बोले तेव्हा फटक्यापेक्षा हे चालणं त्याला जास्त आठवे. दुसऱ्या सत्रात तो खेळला, आणि चांगला खेळला. मारणाऱ्याला उलट मारायचं नाही हे त्याने आधीच ठरवलेलं होतं. त्याचा एक ठोसा पुढे येणाऱ्या कित्येक काळ्या मुलांची दारं बंद करायला पुरला असता.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, ४ एप्रिल १९६८ रोजी, टेनेसीतच मेम्फिसला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला.

पुढच्या दोन हंगामांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि हेच त्यांचं यश. तो खेळत राहिला, सुधारत राहिला, अभियांत्रिकीचे पेपर देत राहिला. शेवटच्या वर्षी तो संघाचा कर्णधार होता. त्या वर्षी सामन्यामागे त्याचे सरासरी १७.७ गुण आणि १३.५ रिबाऊंड होते. रिबाऊंड म्हणजे हुकलेला चेंडू उसळून आल्यावर गर्दीत घुसून पकडणं, आणि कोपरं खाल्ल्याशिवाय ते होत नाही. तीन वर्षांत त्याने ८९४ रिबाऊंड मिळवले. विद्यार्थ्यांनी मतदान करून त्याला आपल्यातला सर्वांत आदरणीय विद्यार्थी म्हणून निवडलं.

मार्च १९७० मध्ये मेमोरियल जिम्नॅशियममध्ये शेवटचा सामना झाला. समोर मिसिसिपी स्टेट, ज्यांच्या गावात त्याचे हात गार पडले होते तेच. सामना संपत आला असताना पेरीने उडी मारली आणि चेंडू कडीतून आत दाबला. नियमाप्रमाणे ते बाद होतं. पंचांनी गुण दिले. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

इथे थांबला असता तर तो नॅशव्हिलचा लाडका राहिला असता. शहराला हवी असलेली गोष्ट त्याच्या रूपाने तयार होती. आम्ही एका काळ्या मुलाला बोलावलं, त्याने सोसलं, आम्ही त्याला कर्णधार केलं, सगळं छान झालं. पण सामन्यानंतर त्याने ‘द टेनेसियन’ या वर्तमानपत्राच्या फ्रँक सदरलँड या बातमीदाराला बोलावून मुलाखत दिली. त्याने सांगितलं, की ही चार वर्षं फार एकटेपणात गेली. लोकांना माझं नाव ठाऊक होतं, मला ओळखून घ्यावंसं कुणाला वाटलं नाही. माझ्या खेळाचा ते मान ठेवत, पण माणूस म्हणून त्यांच्या लेखी मी अजून फरशी पुसणाराच होतो. चर्चमधली घटनाही त्याने सांगितली. बोलण्यात त्वेष नव्हता, कुणाच्या नावाने बोटं मोडणं नव्हतं. अभियंत्याने पुलाची तपासणी करून तडे कुठे आहेत ते लिहून द्यावं, तशी ती मुलाखत होती.

गावाला ती झोंबली. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या अनेकांनी त्याला कृतघ्न म्हटलं. आपण इतकं दिलं आणि हा जाताना असं बोलतो, हा सूर. पेरीला हे होणार हे पुरतं माहीत होतं. ऑक्सफर्डमध्ये मार खाऊन खेळत राहणं हे धैर्य होतंच. पण ज्या सभागृहाने नुकतंच उभं राहून स्वागत केलं त्याला, त्या टाळ्या ऐकू येत असताना, खरं सांगणं याला मी त्याहून मोठं मानतो. लोकप्रियता हातात होती आणि त्याने ती बाविसाव्या वर्षी सोडून दिली. अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्याने नॅशव्हिल सोडलं.

फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पाचव्या फेरीत घेतलं होतं, पण संघात जागा मिळाली नाही. डेलावेअर ब्लू बॉम्बर्स या छोट्या व्यावसायिक संघाकडून काही काळ खेळून त्याने बास्केटबॉल मागे टाकलं. काळ्या शहरी वस्त्यांसाठी काम करणाऱ्या नॅशनल अर्बन लीगमध्ये नोकरी केली. मग न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकायला गेला आणि १९७५ मध्ये पदवी घेतली. १९१३ साली भीमराव आंबेडकर ज्या विद्यापीठात पोचले होते, तेच हे. आंबेडकरांनी पुढे १९४६ मध्ये काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखांतलं साम्य सांगितलं होतं. वर्गात शेजारी बसूनही न ओळखणारे सोबती आणि प्रार्थनास्थळाचं बंद दार, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

वॉलेसच्या नंतरच्या आयुष्याची किंमत कळायला हेन्री हॅरिसकडे पाहावं लागतं. अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठाने शिष्यवृत्ती दिलेला हा पहिला काळा खेळाडू, वॉलेसच्या दोन वर्षं मागचा. त्याच गटात, त्याच मैदानांवर, तोच एकटेपणा. १९७४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मिल्वॉकीत हॅरिसने आत्महत्या केली. पहिला होण्याचा मान दोघांनाही मिळाला. वॉलेसला घराचा, मित्राचा, बुद्धीचा आणि हातातल्या पदवीचा आधार होता, आणि झालेलं बोलून टाकायची संधी त्याने घेतली होती. एवढं सगळं असूनही तो जेमतेम तरला. हॅरिसचं नाव घेतल्याशिवाय वॉलेसची गोष्ट यशोगाथा म्हणून सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

वॉलेस वकील झाले. अमेरिकेच्या न्याय खात्यात पर्यावरण आणि नैसर्गिक संपत्तीविषयक खटले त्यांनी चालवले. नंतर शिकवणं हेच त्यांचं काम झालं. हॉवर्ड विद्यापीठ, बाल्टिमोर विद्यापीठ आणि शेवटी वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीचं विधी महाविद्यालय. तिथे पर्यावरण कायदा, कंपनी कायदा हे त्यांचे विषय. आवाज मंद, बोलणं मोजकं, स्वभाव मिठ्ठास. त्यांच्या कित्येक विद्यार्थ्यांना आपले हे उंच प्राध्यापक कधीकाळी कोण होते याचा पत्ता नसे. डेट्रॉइटचा डिलार्डही पुढे वकील झाला. वॉल्टर मरे तर १९७० मध्येच व्हँडरबिल्टच्या विश्वस्त मंडळावर गेला, तिथला पहिला काळा सदस्य म्हणून.

नॅशव्हिलने मात्र दीर्घ काळ वॉलेसचं नाव फारसं काढलं नाही. १९८९ मध्ये अँड्र्यू मॅरानिस या व्हँडरबिल्टच्या गोऱ्या विद्यार्थ्याने काळ्यांच्या इतिहासाच्या वर्गासाठी वॉलेसवर निबंध लिहायचं ठरवलं आणि त्यांना फोन लावला. वॉलेस त्या अनोळखी पोराशी मोकळेपणाने बोलले. पुढे मॅरानिसने वर्षानुवर्षं खपून त्यांचं चरित्र लिहिलं. ‘स्ट्राँग इनसाइड’ हे पुस्तक २०१४ च्या अखेरीस आलं. त्याआधी २००३ मध्ये टेनेसीच्या क्रीडा सन्मान-दालनात वॉलेस यांचं नाव लागलं होतं, आणि २१ फेब्रुवारी २००४ रोजी मेमोरियल जिम्नॅशियममध्ये त्यांची २५ क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त करण्यात आली. ते आले, उभे राहिले, आभार मानले. १९७० च्या मुलाखतीतला एकही शब्द त्यांनी मागे घेतला नाही, आणि आता कुणी तशी अपेक्षाही केली नाही.

१ डिसेंबर २०१७ रोजी, एकोणसत्तराव्या वर्षी, कर्करोगाने वॉलेस यांचं निधन झालं. २०२० मध्ये विद्यापीठाच्या आवारातल्या पंचविसाव्या अॅव्हेन्यूच्या एका भागाला ‘पेरी वॉलेस वे’ हे नाव देण्यात आलं. रस्ता, जर्सी, हे सगळं योग्यच झालं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते २०१६ साली झालं. त्या वर्षी व्हँडरबिल्टमध्ये नव्याने दाखल होणाऱ्या सगळ्या मुलांना वाचायला जे पुस्तक नेमलं गेलं ते ‘स्ट्राँग इनसाइड’ होतं. स्टार्कव्हिलचे थंड हात, चर्चमधले ते सौम्य शब्द, फरशी पुसणाऱ्याचा उल्लेख आणि त्यावर शहराला आलेला राग, हे सगळं त्यात जसंच्या तसं आहे. वर्ग सुरू व्हायच्या आत ते वाचून यायचं होतं, आणि तेव्हा वॉलेस हयात होते.